प्रौढपणी पोहायला शिकणे : क्रॉलपासून ट्रायथलॉनपर्यंत

ट्रायथलॉन म्हणजे पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे हे तीन टप्पे याच क्रमाने, घड्याळ न थांबता पूर्ण करण्याची शर्यत. ऑलिंपिकमध्ये १.५ किलोमीटर पोहायचे, ४० किलोमीटर सायकल चालवायची आणि १० किलोमीटर धावायचे असते. 'आयर्नमॅन' या सर्वांत प्रसिद्ध लांब शर्यतीत हीच अंतरे अनुक्रमे ३.८, १८० आणि ४२.२ किलोमीटर होतात, तर नवख्यांसाठीच्या स्प्रिंट प्रकारात ७५० मीटर, २० किलोमीटर आणि ५ किलोमीटर इतकी खाली येतात. वेळेच्या हिशेबाने यात पोहण्याचा वाटा सर्वांत लहान. तरीही पहिल्या शर्यतीची तयारी करणारे सर्वांत जास्त अडतात ते याच टप्प्याशी. धावणे प्रत्येकाला येते, सायकल बहुतेकांनी लहानपणी चालवलेली असते. पण उघड्या पाण्यात, पायाखाली जमीन नसताना, अर्धा-पाऊण तास सलग पोहत राहणे फार थोड्यांना जमते. त्यामुळे गेल्या पन्नास वर्षांत तलावांवर एक नवा विद्यार्थी दिसू लागला. वय तिशी-चाळिशीचे, शरीर कसलेले, दहा किलोमीटर सहज धावणारा; पण पोहताना पंचवीस मीटरांतच धापा टाकणारा. त्याला शिकवण्याची नवी पद्धत घडवावी लागली, कारण जुन्या पद्धती वेगळ्याच विद्यार्थ्यांसाठी तयार झाल्या होत्या.

जुन्या शिक्षणाचा हेतू माणूस बुडू नये एवढाच होता. केंब्रिजच्या एव्हरार्ड डिग्बीने १५८७ मध्ये पोहण्यावर सचित्र लॅटिन ग्रंथ लिहिला. त्यानंतर दोन शतकांनी, १७९८ मध्ये, जर्मन व्यायामशिक्षक गुट्स मुथ्स याने पोहण्याचे छोटे पाठ्यपुस्तक काढले. विद्यार्थ्याने आधी जमिनीवर हातापायांच्या हालचाली घोटाव्यात आणि मग दोराच्या आधाराने पाण्यात उतरावे, ही त्याची रीत. प्रशियाचा सेनाधिकारी एर्न्स्ट फॉन फ्युएल याने १८१० मध्ये प्रागला आणि १८१७ मध्ये बर्लिनला सैनिकांसाठी पोहण्याच्या शाळा सुरू केल्या. तेथे शिपायाला दोराने बांधून आकड्यांच्या हुकमावर ब्रेस्टस्ट्रोक करवून घेत. सैन्याला एकाच वेळी अनेकांना, एकाच साच्यात शिकवता येईल असे काही हवे होते आणि डोके वर ठेवून, समोर पाहत पोहण्याचा ब्रेस्टस्ट्रोक त्या साच्यात नेमका बसला. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत जॉर्ज कोर्सन याने वायएमसीएच्या शाखांमधून हाच सामुदायिक मार्ग पुढे नेला. १९०९ मध्ये डेट्रॉइटला त्याने मुलांना आधी कोरड्या जमिनीवर आणि मग पाण्यात तुकड्या करून शिकवले. १९१४ मध्ये अमेरिकन रेडक्रॉसने जीवरक्षकांचे दल उभारले, त्याचाही रोख बुडणाऱ्याला वाचवण्यावर होता.

महाराष्ट्रातल्या विहिरींवरचे शिक्षण याच जातीचे, पण हुकमाऐवजी नात्यावर चालणारे. मे महिन्याच्या सुट्टीत काका, मामा किंवा गावातला एखादा पट्टीचा पोहणारा मुलाच्या पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ओंडका, वाळका भोपळा किंवा पत्र्याचा झाकणबंद डबा बांधी, कमरेला दोर लावी आणि पायरीवरून त्याला पाण्यात सोडी. पुढे ट्रकच्या टायरची ट्यूब आली. दिवस जातील तसा दोर सैल होई, शेवटी डबा सुटे. विहिरीला उथळ बाजू नसते. पहिल्या क्षणापासून दोन-तीन पुरुष खोल पाणी. त्यामुळे तिथे शिकलेल्या मुलाची खोलीची भीती कायमची मोडते, आणि हा लाभ मोठा आहे. सूर मारणे, मुटका मारणे, बुडी घेऊन तळाचा गाळ वर आणून दाखवणे या कसबांत हे पोहणारे तरबेज असत. पण विहिरीचा घेर लहान. सरळ रेषेत चार-सहा हात मारले की समोर भिंत येते. चेहरा पाण्यात घालून लयीत श्वास घेत शेकडो मीटर जायचे कामच तिथे पडत नाही. म्हणून विहिरीत वाढलेला धाडसी पोहणारा ट्रायथलॉनच्या सरावाला आला की सुरुवातीला गोंधळतो. त्याला पाण्याचे भय नसते, पण अंतर कापण्याची रीत मात्र नव्याने शिकावी लागते.

ती रीत म्हणजे फ्रंट क्रॉल. नियमांच्या भाषेतल्या 'फ्रीस्टाइल'मध्ये कोणताही प्रकार चालतो आणि ट्रायथलॉनमध्येही कसेही पोहण्याची मुभा आहे. तरी जवळजवळ सगळे क्रॉलच करतात. यात पुढे नेण्याचे काम मुख्यतः हात करतात, त्यामुळे सायकल आणि धावण्यासाठी पाय राखून ठेवता येतात. ब्रेस्टस्ट्रोकच्या लाथेत गुडघे आणि मांड्या शिणतात, आणि गर्दीत ती लाथ शेजाऱ्यालाही बसते.

क्रॉलचा उगम युरोपात नाही. अमेरिकेतले मूलनिवासी, प्रशांत महासागरातल्या बेटांवरचे लोक आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे काही समाज हात पाण्याबाहेरून आळीपाळीने टाकत पोहत असल्याच्या नोंदी युरोपीय प्रवाशांनी करून ठेवल्या आहेत. १८४४ मध्ये ओजिब्वे जमातीचे काही लोक लंडनला आले असताना त्यांच्यापैकी 'फ्लाइंग गल' आणि 'टोबॅको' या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोघांची शर्यत एका तलावावर लावण्यात आली. १३० फुटांचा तलाव विजेत्याने सुमारे ३० सेकंदांत पार केला. तो वेग डोळ्यांसमोर असूनही वृत्तपत्रांनी त्यांच्या हातापायांच्या उसळीला रानटी ठरवले. त्यानंतर ब्रेस्टस्ट्रोक करणाऱ्या एका इंग्रजाने त्यांना हरवल्यावर तर ब्रिटिशांचे आपल्या पद्धतीबद्दलचे समाधान आणखी पक्के झाले. ते दोघे त्या वेळी थकलेले होते का, अंतर वाढवले तर काय झाले असते, असे प्रश्न कोणी विचारले नाहीत. शिकण्याची एक मोठी संधी केवळ अहंकारापायी वाया गेली आणि पुढची जवळजवळ साठ वर्षे युरोपने हळू पोहण्यात घालवली. १८७५ मध्ये कॅप्टन मॅथ्यू वेब याने इंग्लिश खाडी प्रथम पोहून पार केली तीही ब्रेस्टस्ट्रोकनेच, २१ तास ४५ मिनिटांत.

बदल बाहेरूनच आला. जॉन ट्रजन या इंग्रजाने दक्षिण अमेरिकेत स्थानिकांचे पोहणे पाहिले होते. १८७३ मध्ये त्याने लंडनच्या शर्यतीत हात आळीपाळीने बाहेर काढून दाखवले, पण पायांनी तो कात्रीसारखी हालचालच करत राहिला. सॉलोमन बेटांवरून शिक्षणासाठी सिडनीला आलेला ॲलिक विकहॅम हा मुलगा विसाव्या शतकाच्या तोंडावर तिथल्या समुद्रकाठच्या तलावात आपल्या बेटांवरच्या रीतीने, पाय सरळ खाली-वर हलवत पोहू लागला. सिडनीच्या कॅव्हिल कुटुंबातल्या भावांनी ती रीत उचलली. डिक कॅव्हिलने १९०२ मध्ये १०० यार्ड एका मिनिटाच्या आत पोहून दाखवले आणि वेगाबद्दलचा वाद मिटला. अमेरिकेत चार्ल्स डॅनियल्सने पायांची लय हातांशी जुळवली. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये हवाईचा ड्यूक काहानामोकु १०० मीटर जिंकला. १९२२ मध्ये जॉनी वाइसम्युलर याने हेच अंतर ५८.६ सेकंदांत कापून मिनिटाची भिंत मोडली.

एवढे होऊनही क्रॉल हा छोट्या अंतराचा, दमवणारा प्रकार आहे, लांब पल्ल्याला तो टिकणार नाही, अशी समजूत होती. ती खोटी ठरवण्याचे श्रेय न्यू यॉर्कच्या गरट्रूड एडरली हिचे. ६ ऑगस्ट १९२६ रोजी वयाच्या विसाव्या वर्षी तिने क्रॉलने इंग्लिश खाडी साडेचौदा तासांच्या आसपास पार केली. तिच्याआधी यशस्वी झालेल्या पाचही पुरुषांपेक्षा तिला कमी वेळ लागला. पाणी आत शिरू नये म्हणून तिने आपला चष्मा मेणाने बंद केला होता. पोहण्याचा चष्मा ही पुढे अगदी सामान्य वस्तू झाली, पण त्याला १९७० चे दशक उजाडावे लागले. तोवर क्लोरीनच्या पाण्यात डोळे चुरचुरेपर्यंतच सराव करता येई. प्रौढांच्या पोहण्याला या छोट्या साधनाने जेवढी मदत केली तेवढी क्वचितच दुसऱ्या कशाने केली असेल, कारण चेहरा पाण्यात घालायची अर्धी भीती डोळ्यांची असते.

शर्यतीच्या शास्त्राने दरम्यान मोठी मजल मारली होती. इंडियाना विद्यापीठाचे प्रशिक्षक जेम्स कौन्सिलमन यांनी पाण्याखाली छायाचित्रण करून उत्तम पोहणाऱ्यांचे हात प्रत्यक्षात कसे फिरतात ते तपासले. त्यांचा १९६८ मधला ग्रंथ जगभरच्या प्रशिक्षकांनी अभ्यासला. मात्र हे सारे ज्ञान दहा-बारा वर्षांच्या वयापासून रोज काही हजार मीटर पोहणाऱ्या मुलांसाठी होते. प्रौढांना तलावात जागा मिळाली ती दुसऱ्या वाटेने. सॅन डिएगोतले नौदलाचे डॉक्टर रॅन्सम आर्थर यांना मोठ्या माणसांच्या आरोग्यासाठी स्पर्धात्मक पोहणे उपयोगी पडेल असे वाटत होते. त्यांच्या आणि जॉन स्पॅनथ यांच्या प्रयत्नांतून १९७० मध्ये टेक्सासमधल्या ॲमारिलो येथे 'मास्टर्स' पोहणाऱ्यांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. सहभागी पन्नासही नव्हते. पण या चळवळीमुळे अमेरिकेतल्या तलावांवर सकाळ-संध्याकाळ प्रौढांसाठी वेळ राखला जाऊ लागला, आणि पुढे ट्रायथलॉनसाठी शिकायला आलेल्यांना आयती जागा मिळाली.

आधुनिक ट्रायथलॉनचा जन्मही सॅन डिएगोचाच. धावण्याची लाट नुकतीच उसळली होती आणि तिथल्या ट्रॅक क्लबचे सभासद सरावाच्या कंटाळ्यावर उपाय शोधत होते. धावणे आणि पोहणे जोडलेली एक छोटी शर्यत तिथे आधीच होत असे. जॅक जॉनस्टन आणि डॉन शॅनहन यांनी त्यात सायकल मिसळली आणि २५ सप्टेंबर १९७४ रोजी, बुधवारी संध्याकाळी, मिशन बे येथे पहिली शर्यत भरवली. ४६ जणांनी ती पूर्ण केली. क्रम आजच्या उलट होता: आधी धावणे, मग सायकल, शेवटी पोहणे. पोहण्याचे एकूण अंतर अवघे ५०० यार्ड. पण भाग घेणारे बहुतेक धावपटू. थकलेल्या पायांनी पाण्यात उतरलेल्या काहींना इतका वेळ लागला की अंधार पडला आणि मोटारींचे दिवे खाडीच्या दिशेने लावून त्यांना वाट दाखवावी लागली. या खेळात कच्चा दुवा पोहणे आहे, हे पहिल्याच संध्याकाळी उघड झाले.

त्या शर्यतीत भाग घेतलेले नौदल अधिकारी जॉन कॉलिन्स पुढे हवाईला गेले. धावणारे जास्त तंदुरुस्त की पोहणारे, या तिथल्या वादातून त्यांनी आणि त्यांच्या पत्नी जूडी यांनी ओआहू बेटावरच्या तीन स्वतंत्र आव्हानांची सांगड घातली: वायकिकीचे समुद्रातले पोहणे, बेटाभोवतीची सायकलफेरी आणि होनोलुलू मॅरेथॉन. १८ फेब्रुवारी १९७८ च्या या पहिल्या आयर्नमॅनमध्ये १५ जण उतरले, १२ जणांनी ती पूर्ण केली; गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंदांत जिंकला. इथे पोहणे पहिले आले आणि तोच क्रम पुढे रूढ झाला. दमलेला सायकलस्वार रस्त्याच्या कडेला थांबू शकतो, दमलेला धावपटू चालू शकतो. दमलेल्या पोहणाऱ्याला तशी सोय नसते. पोहणे आरंभी घेतल्याने निदान ताज्या अंगाने पाण्यात उतरता येते. १९८० पासून अमेरिकन दूरचित्रवाणीवर ही शर्यत दिसू लागली आणि आयुष्यात कधी तलावावर न गेलेले हजारो लोक प्रशिक्षकांच्या दारात येऊन उभे राहिले. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले.

या नव्या विद्यार्थ्यांपुढे जुने शिक्षण निष्प्रभ ठरत होते. प्रशिक्षक त्यांना लाकडी किंवा फोमची फळी धरून लाथा मारायला लावत, मग अधिक फेऱ्या, मग आणखी जोर. निष्ठावान धावपटू ते सारे इमानाने करत आणि जिथल्या तिथेच राहत. अडचण ताकदीची नव्हती. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पटींनी दाट असते. त्यात जोरापेक्षा शरीराच्या आकाराला आणि स्थितीला महत्त्व येते. फुप्फुसांत हवा असल्याने छाती तरंगते, तर धावून कसलेले, चरबी नसलेले पाय जड असतात. श्वासासाठी डोके उचलले की तराजूच्या दांडीसारखे दुसरे टोक, म्हणजे कंबर आणि पाय, खाली जाते. मग पोहणारा अख्खे शरीर उभ्यासारखे ओढत नेतो. धावपटूचे घोटे ताठ असल्याने लाथ पाणी मागे ढकलत नाही. काही जण तर फळी धरून लाथा मारताना चक्क मागे सरकतात. यात भर श्वासाची. जमिनीवर दम लागला की माणूस तोंड उघडून हवा घेतो, पाण्यात मात्र आधी हवा सोडावी लागते. चेहरा पाण्यात असताना श्वास रोखून धरणाऱ्याला वळल्यावर सोडायला आणि घ्यायला एकच क्षण मिळतो. काही फेऱ्यांतच छाती भरून येते आणि तो आपल्या 'स्टॅमिन्या'ला दोष देतो.

रॉचेस्टर विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बूमर यांनी इंजिनाआधी नावेचा आकार सुधारा, अशा अर्थाची मांडणी केली होती. टेरी लॉफलिन या न्यू यॉर्क राज्यातल्या प्रशिक्षकाने तिला प्रौढांच्या शिकवणीचे रूप दिले. १९८९ मध्ये त्यांनी 'टोटल इमर्शन' नावाने प्रौढांची शिबिरे सुरू केली. १९९६ मध्ये त्याच नावाचे पुस्तक आले. त्यांच्या पद्धतीत विद्यार्थी आधी पोहत नाही, तरंगतो: डोके पाठीच्या रेषेत, नजर तळाकडे, छाती किंचित दाबलेली. मग कुशीवर वळणे, एक हात लांब पुढे ठेवून घसरत जाणे, आणि शेवटी दोन्ही हातांची लय. फेऱ्यांपेक्षा एका लांबीत किती हात पडले हे मोजायचे. पोहणे ही कला आहे आणि ती कोणत्याही वयात सुधारते, हे लॉफलिन यांनी २०१७ मध्ये निधन होईपर्यंत सांगितले. त्यांच्यावर टीकाही झाली. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ येथे काम करणारे प्रशिक्षक पॉल न्यूसम यांच्या 'स्विम स्मूथ' या पद्धतीने दाखवून दिले की हात पुढे ठेवून फार वेळ घसरत राहणारा दर हाताला मंदावतो, आणि लाटांच्या पाण्यात थोडी जलद लयच उपयोगी पडते. टीका रास्त आहे. पण घाबरलेल्या, पाय बुडणाऱ्या प्रौढाला पहिले पंचवीस मीटर शांतपणे नेण्याच्या कामात लॉफलिन यांच्या पद्धतीची बरोबरी आधीच्या कोणत्याही पद्धतीला करता आलेली नाही.

याच सुमारास एक वेगळाच उपाय बाजारात आला. कॅलिफोर्नियातल्या डॅन एम्पफील्ड याने १९८७ मध्ये ट्रायथलॉनसाठी खास शिवलेला वेटसूट तयार केला. थंडीपासून बचाव हा त्याचा हेतू. पण त्याचे निओप्रीनचे कापड तरंगत असल्याने जड पाय आपोआप वर येतात आणि कच्च्या पोहणाऱ्याला त्याचा सर्वाधिक फायदा होतो. पाणी ठरावीक तापमानापेक्षा गरम असेल तर नियम त्याला मनाई करतात. आयर्नमॅन शर्यतींत ही मर्यादा २४.५ अंश सेल्सियस आहे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्र बहुतेक काळ याहून उबदार असतो, म्हणून इथल्या नवख्याला ही उधारीची मदत मिळत नाही. त्याला तोल स्वतःच कमवावा लागतो.

तलावातले शिक्षण उघड्या पाण्याला पुरत नाही, हे समजायला किंमत मोजावी लागली. अमेरिकेतल्या १९८५ ते २०१६ या काळातल्या ट्रायथलॉन शर्यतींचा अभ्यास केल्यावर मृत्यू आणि हृदयक्रिया बंद पडण्याच्या १३५ घटना आढळल्या; त्यांपैकी ९० पोहण्याच्या टप्प्यात घडल्या होत्या. शवविच्छेदन झालेल्यांपैकी अनेकांना हृदयाचे विकार आधीपासून असल्याचे दिसले. शेकडो जण एकाच वेळी पाण्यात धावत सुटण्याची पद्धत याच काळात मागे पडत गेली. आयर्नमॅनने २०१३ पासून थोड्याथोड्या लोकांना क्रमाने पाण्यात सोडण्यासारखे बदल आणले. दमलेल्याने होडीला किंवा तरंगत्या खुणेला धरून विसावा घ्यायला नियमाने परवानगी आहे, फक्त त्या आधाराने पुढे सरकायचे नाही. प्रशिक्षकांनीही अभ्यासक्रमात गर्दीत पोहण्याचा सराव, दर काही हातांनंतर डोळे पाण्यावर काढून दिशा पाहणे आणि घाबरल्यास उताणे होऊन श्वास सावरणे यांची भर घातली.

महाराष्ट्रात 'आयर्नमॅन' हा शब्द घराघरांत पोचला तो २०१५ मध्ये, मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकची शर्यत पूर्ण केली तेव्हा. ते स्वतः राष्ट्रीय विजेते जलतरणपटू होते. त्यांच्याकडे पाहून तयारीला लागलेल्या बहुतेकांना तसा पाया नव्हता. २० ऑक्टोबर २०१९ रोजी पणजीजवळच्या मिरामार किनाऱ्यावर भारतातली पहिली आयर्नमॅन ७०.३ झाली. हे अंतर पूर्ण आयर्नमॅनच्या निम्मे: १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणे. मराठी मुलखातल्या धावपटूला समुद्रात उतरण्यासाठी आता परदेशी जावे लागत नाही. मात्र तलावातला सराव पुरा झाल्यावर, जाणकार सोबत आणि होडी असल्याशिवाय कोणीही समुद्रात सरावाला जाऊ नये. या प्रकारात पोहण्यासाठी नेहमीची मर्यादा १ तास १० मिनिटांची असते. म्हणजे दर शंभर मीटरला ३ मिनिटे ४१ सेकंद. तोल आणि श्वास जमलेल्या, काही महिने नियमित सराव केलेल्या निरोगी प्रौढाच्या हा वेग पूर्ण आवाक्यातला आहे.